मासा आणि हरिण, एकाच दिवशी

"आज तीस सप्टेंबर," लापशी वाढता वाढता इश्बेलने आठवण करून दिली. "उद्यापासून नदीत मासेमारी बंद."

"मला कॅलेंडर वाचता येतं," मर्डो म्हणाला.

"आणि सोमवारी तुमच्या जागी नवा माणूस येतोय."

"तेही त्यावरच लिहिलंय."

"चिडताय कशाला? मी आपलं म्हटलं, आमच्या फिनलेने नाही का गेल्या वर्षी..."

मर्डोने चमचा बशीत ठेवला आणि टोपी उचलली. 'आमच्या फिनलेने' या दोन शब्दांपुढे लापशी गिळायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. गेलं वर्षभर तो हे दोन शब्द सकाळ-संध्याकाळ औषधासारखे घेत होता.

मर्डो मॅथेसन चाळीस वर्षं ग्लेन अरख जहागिरीचा मुख्य शिकारी होता. शिकारी म्हटलं तरी गोळी त्याने झाडायची नसे. ती शहरातून आलेल्या पाहुण्याने झाडायची. गळही पाहुण्यानेच टाकायचा. मर्डोने फक्त मासा कुठे आहे ते सांगायचं, हरणाच्या जवळ पोटावर सरपटत न्यायचं आणि पाहुण्याचा नेम चुकला की वाऱ्याला दोष द्यायचा. या साऱ्या मुलखात एकच गोष्ट मानाची होती. एकाच पाहुण्याने एकाच दिवशी नदीतून सामन मासा काढायचा आणि डोंगरावर नर हरिण पाडायचं. तिला सगळे 'जोडी' म्हणत. अशी जोडी मर्डोच्या वडिलांनी दोनदा जमवून दिली होती. मर्डोने एकदाही नाही. एका वर्षी मासा मिळाला तर डोंगरावर धुकं उतरलं, दुसऱ्या वर्षी हरिण मिळालं तर नदीला पूर आला. तिसऱ्या वर्षी दोन्ही जमत आलं होतं, तेवढ्यात पाहुण्याच्या दाढेत कळ आली.

आणि गेल्या वर्षी त्याच्या सख्ख्या मेव्हण्याने, शेजारच्या कोरीमोर जहागिरीच्या शिकाऱ्याने, म्हणजे फिनलेने, लंडनच्या कुणा कर्नलला जोडी मिळवून दिली. तेव्हापासून दर रविवारी प्रार्थना आटोपली की चर्चच्या दारात फिनलेचं कीर्तन सुरू व्हायचं. मर्डोला ते उभ्याने ऐकावं लागे, कारण इश्बेल भावाच्या शेजारी उभी राहून मान डोलवत असे.

आजचा दिवस शेवटचा. आज जोडी झाली तर झाली, नाही तर जन्मभर 'आमच्या फिनलेने'.

शेवटच्या दिवसाचा पाहुणा कसा असावा? तरणाताठा, लांब टांगांचा, तीक्ष्ण नजरेचा. नशिबात आल्या होत्या गथ्री बाई. डंडीच्या मुलांच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, वय वर्षं चौसष्ट, बुटक्या, गोल आणि करारी. पण आदल्या संध्याकाळी सरावाच्या फळीवर त्यांनी तीन गोळ्या झाडल्या होत्या आणि तिन्ही एका तळहातात मावतील अशा लागल्या होत्या.

"बाई, आधी नदी," दारातच त्याने सांगितलं. "मासा लागला तर वर डोंगर."

"लागला तर म्हणजे? लागणारच," बाई म्हणाल्या. "आपण कशाला आलोय?"

आणि काय सांगावं! पावणेनऊलाच मासा लागला. बाईंनी गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी डोहाच्या कडेला अलगद टाकली, पाणी फुगलं, काठी वाकली आणि रीळ असं किंचाळलं की पलीकडच्या काठावरचा बगळा उडून गेला.

"सोडा! सोडा दोरी!" मर्डो ओरडला.

"सोडतेय की!"

"आता ओढा! ओढा! नाही नाही, सोडा!"

"एक काय ते ठरवा, मर्डो!"

मासा खाली पळाला, बाई त्याच्यामागे काठाकाठाने पळाल्या. मासा वर आला, बाई वर आल्या. वीस मिनिटांनी मासा दमला, बाई दमल्या, आणि काहीही न करता मर्डो दोघांपेक्षा जास्त दमला. तो जाळी घेऊन गुडघाभर पाण्यात उतरला. नेमका तेव्हाच माशाने शेवटचा हिसका दिला. बाईंनी काठी सोडली नाही. काठीने बाईंना सोडलं नाही. त्या गळ्यापर्यंत पाण्यात गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "माझ्याकडे काय बघताय? मासा बघा!"

बारा पौंडांचा सामन गवतावर चमकत पडला. मर्डोने टोपी काढली. ती हवेत फेकावी असं त्याला फार वाटलं, पण इतक्यात आनंद केला तर नशिबाला कळेल, म्हणून त्याने ती पुन्हा घातली. बाई निथळत होत्या आणि हसत होत्या.

"आता हरिण," त्या म्हणाल्या आणि लगेच शिंकल्या.

इथून घोळ सुरू झाला. बाईंचे डोंगराचे कपडे चिंब झाले होते. बॅगेत दुसरा जोड होता, पण तो निळा. निळा रंग हरणाला दिसो न दिसो, मर्डोला तो बघवेना. इथे प्रत्येक जहागिरीचं स्वतःचं लोकरी कापड असतं, त्या-त्या डोंगराच्या रंगात विणलेलं. शिकाऱ्याने ते अंगावर घातलं की तो झुडपात नाहीसा होतो. मर्डोचे कपडे बाईंना घालायचे म्हटलं तर त्यात बाई आणखी एकीला सोबत घेऊन मावल्या असत्या लांबीला, आणि रुंदीला त्यांचा एक हातही गेला नसता.

"फिनलेचा सूट आहे ना घरात," इश्बेल म्हणाली. "मागची बाजू फाटली म्हणून शिवायला टाकून गेलाय. शिवून तयार आहे."

फिनले बुटका होता, गोल होता. सूट बाईंना असा बसला की जणू मापं घेऊनच शिवला असावा. मर्डोने मान फिरवली.

"कोरीमोरचं कापड! आमच्या डोंगरावर!"

"हरिण काय शिंप्याकडे चौकशी करणार आहे?" इश्बेलने विचारलं. "जा बघू. मासा मी ठेवते गारव्याला. संध्याकाळी फिनले जेवायला यायचाय, तेव्हा बघेल तोही."

हे ऐकल्यावर मर्डोने आणखी काही विचारलं नाही. फिनलेच्या डोळ्यांसमोर मासा आणि हरिण शेजारी शेजारी! त्यासाठी तो बाईंना फिनलेच्या सासऱ्याचे कपडेही घालायला तयार झाला असता.

दीड वाजता दुर्बिणीत नर दिसला. ओढ्याच्या वरच्या बेचक्यात, दहा टोकांच्या शिंगांचा, म्हातारा, एकटा. मर्डोने चिमूटभर सुकं गवत उडवून वारा पाहिला. वारा समोरून होता.

"इथून पुढे बोलायचं नाही," तो कुजबुजला. "शिंकायचं नाही. मी सरपटलो की सरपटायचं, मी थांबलो की थांबायचं."

"माझ्या वर्गात हेच नियम होते," बाई कुजबुजल्या.

ते सरपटू लागले. हेदरच्या झुडपांतून, काळ्या चिखलातून, आणि एका ओहळातून, जो थेट कॉलरमधून शिरून बुटांतून बाहेर पडत होता. बाईंनी एकदाही कुरकुर केली नाही. तासाभराने ते एका उंचवट्यामागे पोहोचले. मर्डोने हळूच डोकं वर काढलं. शंभर पावलांवर हरिण होतं. पण ते आता बसलं होतं. झुडपांवर नुसती शिंगं दिसत होती आणि ती रवंथाच्या तालावर हलत होती. बसल्या हरणावर गोळी झाडत नाहीत. ते उठेपर्यंत थांबायचं.

मर्डोने मागे वळून बाईंना 'थांबा' अशी खूण केली आणि तो थिजला. बाईंच्या मागे, चाळीस पावलांवर, आणखी कुणीतरी सरपटत येत होतं. बुटकं, गोल, आणि त्याच कोरीमोरच्या कापडात. क्षणभर त्याला वाटलं, थंडीने आपल्याला एकीच्या दोन बाई दिसायला लागल्या.

तो फिनले होता. पलीकडच्या कड्यावरून दुर्बिणीत त्याने काय पाहिलं होतं? त्याचाच सूट घातलेला कुणी भामटा ग्लेन अरखच्या डोंगरावर हरणामागे सरपटतोय! पुढचा मर्डो आपल्या कापडात झुडपांत नाहीसा झाला होता. उद्या बोभाटा झाला असता की कोरीमोरचा फिनले शेजाऱ्याच्या हद्दीत चोरून शिकार करतो. दुसरा कुणी असता तर त्याने हाक मारली असती. पण समोर हरिण होतं. आणि समोर हरिण असताना या मुलखातला शिकारी आग लागली तरी ओरडत नाही. म्हणून फिनले चोराला पकडायला पोटावर सरपटत निघाला होता, आणि तेही वारा बघून.

जवळ पोहोचताच त्याने हात लांब करून बाईंचा घोटा धरला. बाईंनी वळून पाहिलं.

"कोण तू?" फिनले कुजबुजला. "माझी विजार कुठून चोरलीस?"

"आधी माझा पाय सोडा," बाई कुजबुजल्या. "आणि बाईमाणसाशी बोलताना टोपी काढतात."

फिनलेने पाय सोडला आणि आडव्यानेच टोपी काढली. तेवढ्यात मर्डो उलटा सरपटत मागे आला. तिघांची डोकी एका झुडपाखाली आली.

"फिनले! इथे काय मरायला आलास?"

"दाजी? तुम्ही? आणि माझा सूट?"

"तुझ्या बहिणीने दिला. हळू बोल!"

"हळूच बोलतोय! माझ्या सुटात तुम्ही पाहुणे फिरवता? मला विचारायचं तरी!"

"बाई नदीत पडल्या होत्या."

"नदीत? का?"

मर्डोने तोंडावर हात धरला. पण चाळीस वर्षं दाबलेलं हसू त्याच्या मिशीत मावेना. फिनलेने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा पलीकडच्या शिंगांकडे, आणि त्याचा चेहरा उतरला.

"मासा मिळालाय," तो म्हणाला.

"बारा पौंड," बाई म्हणाल्या.

आता खरी परीक्षा होती. हरिण बसलेलंच होतं. फिनलेने एकदा खोकायचा अवकाश, की सगळं संपलं असतं. मेव्हणा खोकला म्हणून कुणाला फाशी देता येत नाही. मर्डोने त्याच्याकडे असं पाहिलं जसं लग्नात इश्बेलकडेही पाहिलं नव्हतं. आणि त्याच वेळी फिनलेच्या नाकावर एक चिलट बसलं.

फिनलेचं नाक हललं. डोळे बारीक झाले. शिंक येत होती, खरीखुरी, ठसठशीत. त्याने टोपी तोंडात कोंबली. तो लाल झाला, मग जांभळा झाला, मग मर्डोने कधीच न पाहिलेल्या एका रंगाचा झाला. पण शिंक त्याने गिळली. दुसऱ्याची का असेना, जमत आलेली शिकार मोडायची म्हणजे त्याला पाप वाटत होतं. त्या एका क्षणी मर्डोला आपला मेव्हणा मनापासून आवडला.

अर्धा तास गेला. तास गेला. पाऊस आला, गेला, पुन्हा आला. बाईंनी खिशातून भिजलेलं सँडविच काढून त्याचे तीन भाग केले आणि हिशेबात मागे पडलेल्या मुलाला द्यावा तसा मोठा भाग फिनलेला दिला. सव्वाचार वाजता शिंगं हलली. हरिण आधी मागच्या पायांवर उठलं, मग पुढच्या, आणि आडवं उभं राहिलं. असं आडवं, असं उघडं, असं निवांत, की मर्डोच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याने बंदूक बाईंच्या हातात सरकवली. "आता," तो कुजबुजला. "सावकाश. घाई नाही. आता!"

बाईंनी दस्ता खांद्याला लावला. आणि मग तो खाली घेतला.

"मर्डो," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "मला माझी बोटंच जाणवत नाहीत. दीड तासात गोठून गेलीत. चाप कुठे आहे तेच कळत नाही. मी झाडली तर ती लागेल कुठेतरी, पण कुठे ते सांगता येणार नाही."

"चोळा! बोटं चोळा!"

"चोळतेच आहे. वेळ नाही. तुम्ही झाडा."

मर्डोने बंदूक घेतली. हरिण अजून उभं होतं. त्याच्यासाठी ही गोळी म्हणजे डाव्या हातचा मळ होता. शेजारी फिनले होता, आणि चमत्कार म्हणजे फिनलेही त्याला ढोसत होता. गिळलेल्या शिंकेने तो बहुधा पुरता पालटला होता.

"झाडा की दाजी! बाईंच्या नावावर जाईल. कोण बघतंय? मी नाही कुणाला सांगणार!"

मर्डोच्या बोटाखाली चाप होता. चाळीस वर्षं होती. दर रविवारचं चर्चचं दार होतं. त्याने श्वास आत घेतला आणि सोडून दिला. मग गोळी बाहेर काढून खिशात टाकली.

"नाही," तो म्हणाला. "मासा बाईंचा आणि हरिण माझं. याला जोडी म्हणत नाहीत, फिनले. वडील हसतील वरून."

"अहो, असंच करतात!" फिनले कळवळून कुजबुजला. "म्हणजे... कधी कधी. पाहुण्याच्या चष्म्यावर धुकं धरलं, तर... असंच करावं लागतं."

गथ्री बाईंनी सावकाश मान वळवली. पस्तीस वर्षं त्यांनी कॉपी करणारी पोरं पकडली होती, आणि फिनलेच्या कर्नलची कीर्ती त्यांनी कालच इश्बेलकडून ऐकली होती.

"कुणाच्या चष्म्यावर?" त्यांनी विचारलं.

"कुणाच्या नाही."

"कर्नलना चष्मा आहे?"

"आहे... पण तो वाचायचा..."

"फिनले!"

त्या कुजबुजल्या नाहीत. शेवटच्या बाकापर्यंत जाणारा, पटांगणाच्या टोकाला खेळणाऱ्या पोरांना जागीच थिजवणारा तो आवाज होता. तो कड्यावर आदळून परत आला. हरणाने एकदाच मान वर केली आणि ते असं पळालं की पुढच्या क्षणी बेचकं रिकामं होतं. पण हरणाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"माझ्याकडे बघ. इकडे. गेल्या वर्षी गोळी कुणी झाडली?"

फिनले पन्नास वर्षांचा होता, त्याला तीन मुलं होती. त्याने टोपी दोन्ही हातांत धरली.

"मी, बाई."

"मोठ्याने."

"मी झाडली, बाई! कर्नलना काही दिसत नव्हतं. तेच म्हणाले, तू झाड आणि बोलू नकोस. मी मिरवणार नव्हतोच. पण इश्बेलने मला कवटाळलं, सगळ्यांनी पाठ थोपटली, आणि मग... मग रविवार आला."

मर्डो हेदरमध्ये बसकण मारून बसला. आपल्याला राग येईल असं त्याला वाटलं. त्याऐवजी तो हसत सुटला. पहाटेपासून, किंवा खरं तर चाळीस वर्षांपासून अडलेलं हसू. तो हसला, मग बाई हसल्या, आणि शेवटी फिनलेही रडवेल्या तोंडाने हसला. जोडी गेली याचं मर्डोला वाईट वाटलं नाही असं नाही, बरंच वाईट वाटलं. पण वर्षभर छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलला तर माणूस आधी श्वास घेतो, मग दगडाचं बघतो.

डोंगर उतरताना फिनले तीनदा म्हणाला, "दाजी, इश्बेलला सांगणार नाही ना?" तिन्ही वेळा मर्डो म्हणाला, "बघू." त्याने ते वाक्य चघळून चघळून खाल्लं.

रात्रीच्या जेवणाला टेबलाच्या मधोमध तोच बारा पौंडांचा मासा होता, उकडलेला, लोणी सोडलेला, सोबत बटाटे. इश्बेलने सगळ्यांना वाढलं. हरिण निसटलं हे ऐकून ती नवऱ्याकडे पाहून हळहळली आणि मग, बिचारीच्या मनात काही नव्हतं, पाहुणीचं मन रमवावं म्हणून म्हणाली, "फिनले, बाईंना गेल्या वर्षीचं सांग ना रे. तुझं आणि कर्नलचं."

फिनलेने ताटात पाहिलं. गथ्री बाईंनी काटा खाली ठेवला. मर्डोने इश्बेलकडे पाहिलं. भावाचं कौतुक ऐकायला ती खुर्ची पुढे ओढून, हनुवटी हातावर टेकवून बसली होती. उतरताना मर्डोने हा प्रसंग मनात तीन तऱ्हांनी रंगवला होता, एकाहून एक जहाल. त्यातली एकही आता तोंडातून बाहेर पडेना.

"तो काय सांगणार," मर्डो म्हणाला. "मी सांगतो."

आणि त्याने सांगितलं. असं सांगितलं की फिनलेच्या कीर्तनात कधी तेवढा रंग भरला नव्हता. वारा कसा फिरला, कर्नल कसे दगडासारखे स्थिर पडून होते, त्यांची नजर घारीसारखी. "आणि डोळ्याला चष्मा असूनसुद्धा, इश्बेल! फिनले नुसता शेजारी. हात बांधून. बंदुकीला बोटसुद्धा नाही लावलं पठ्ठ्याने! असा प्रामाणिक शिकारी शोधून सापडायचा नाही. हो की नाही, फिनले?"

"पुरे, दाजी," फिनले पुटपुटला. त्याचे कान बिटासारखे झाले होते.

"पुरे कसं? अजून कर्नलनी नेम कसा धरला ते राहिलंय."

इश्बेलच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "अहो, वर्ष झालं, पण तुमच्या तोंडून त्याच्यासाठी चांगला शब्द निघाला नव्हता."

"चुकलंच माझं," मर्डो म्हणाला आणि त्याने माशाच्या पोटाचा सगळ्यात मऊ तुकडा मेव्हण्याच्या ताटात वाढला. "आता भरपाई करतो. येत्या रविवारी चर्चच्या दारात, सगळ्या गावापुढे, मीच सांगतो. आणि त्याच्या पुढच्या रविवारीही."

"मीही राहते तोवर," गथ्री बाई म्हणाल्या. "मला ऐकायला आवडेल."

फिनलेने तुकड्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि काटा हळूच बाजूला ठेवला.

"इश्बेल," तो म्हणाला, "येत्या रविवारी मला जरा ताप येणार आहे."